कोरीगडाखालची धावपट्टी

धायरीकरांचं तळं म्हणजे खडकवासला. रविवारी चौपाटीवर जायला पीएमपी किंवा स्कूटर पुरते, आणि परतताना सिंहगड रोडच्या ट्रॅफिकला शिव्या घातल्या की सहल पूर्ण होते. तळ्याकाठी विमानाने जायचं म्हटलं तर आपल्याला हसूच येईल. पण अशी सोय आपल्याच जिल्ह्यात केली गेली. ती बघायची तर लोणावळ्याहून पेठ शहापूर गाठायचं आणि कोरीगड चढायचा.

तटावरून खाली ॲम्बी व्हॅली दिसते. बांध घालून केलेले तलाव, बंगले, गोल्फचं मैदान आणि एक छोटी खासगी धावपट्टी. मुळशी तालुक्यातल्या आंबवणे गावाजवळ सहारा समूहाने हे गिरिशहर वसवलं. इथे विकायचा माल होता एकांत, पण तिथवर जायला घाटाचा रस्ता, पावसाळ्यात दाट धुकं. ज्यांना एकांत हवा पण घाट नको, त्यांच्यासाठी ही धावपट्टी. पुढे तिथे स्कायडायव्हिंगही झालं.

या डोंगरात बाहेरचे लोक काही पहिल्यांदा आले नव्हते. मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने कोरीगडाला वेढा घातला, दारूकोठार उडालं आणि गड पडला. कोराईदेवीचे दागिने तेव्हा मुंबईच्या मुंबादेवीकडे गेले, असं सांगतात. १९२१ मध्ये याच तालुक्यात टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकरी उभे राहिले. मुळशी सत्याग्रहाने पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ केलं, पण धरण झालंच. त्या पाण्याची वीज मुंबईला गेली. इथलं पाणी आणि जमीन दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेला लागते, हे मुळशीला जुनंच आहे.

धावपट्टीच्या गोष्टीत मात्र तिसराच माणूस येतो. त्याने ना तळं पाहिलं, ना विमान. ३१ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने सहाराच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे २४,००० कोटींहून जास्त रुपये व्याजासह परत करायला सांगितलं. गुंतवणूकदार जवळपास ३ कोटी असल्याचं कंपन्यांचं म्हणणं होतं. बहुतेकांची रक्कम छोटी. पैसे पुरते येईनात, तेव्हा २०१७ मध्ये न्यायालयाने ॲम्बी व्हॅली जप्त करून लिलावाला काढली. राखीव किंमत ३७,३९२ कोटी. नोटिशीत तलाव आणि शाळेच्या पंक्तीत विमानतळही होता! गुंतवणूकदारांच्या दृष्टीने धावपट्टीला एवढाच अर्थ उरला होता: विकली गेली तर काही पैसे सुटतील.

त्या किमतीला कुणी घेतलं नाही. समूहाचे प्रमुख सुब्रत रॉय नोव्हेंबर २०२३ मध्ये वारले. त्याच वर्षी जुलैत केंद्र सरकारने सहाराच्या सहकारी संस्थांतल्या ठेवीदारांसाठी परताव्याचं पोर्टल उघडलं. सुरुवातीला एकेकाला मिळणार होते जास्तीत जास्त १०,००० रुपये.