शेतकरी म्हणजे नक्की कोण?

मंडळी, या वीकेंडला एका साध्याच शब्दाच्या मागे लागूया. शब्द आहे 'शेतकरी'. आपण शहरातली माणसं तो फार ढोबळपणे वापरतो. शेतात राबतो तो शेतकरी, विषय संपला. पण आपल्याच भाषेत या माणसासाठी डझनभर शब्द आहेत आणि ते एकमेकांचे समानार्थी बिलकुल नाहीत. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर हे सगळे वेगवेगळे टाइप आहेत. जमीन कोणाची, पिकात वाटा कोणाचा आणि पीक बुडालं तर कोण बुडणार, या तीन प्रश्नांची उत्तरं त्या शब्दातच दिलेली असतात.

सुरुवात पेशवाईतल्या देशावरच्या एखाद्या गावापासून करू. तिथे कसणारे मुख्यतः दोन प्रकारचे होते: मिरासदार आणि उपरी. 'मिरास' हा अरबीतून आलेला शब्द, अर्थ वारसा. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. तो ती विकू शकायचा, गावकीत त्याला मान असायचा, आणि दुष्काळात गाव सोडून गेला तरी कित्येक वर्षांनी परत येऊन हक्क सांगू शकायचा. उपरी म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा. पडीक रान लागवडीखाली यावं म्हणून त्याला पुष्कळदा सवलतीच्या दराने जमीन मिळे, पण मुळं रुजवायचा हक्क नसे. आजचा 'उपरा' याच घराण्यातला शब्द. काम दोघांचं तेच, बैल तसेच, नांगर तसाच. फरक फक्त शब्दात, आणि शब्दात म्हणजेच हक्कात.

मग इंग्रज आले. १८३० च्या दशकात विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबरापुढे एक नाव आणि ठरावीक सारा. हीच आपली रयतवारी. मिरासदार आणि उपरी यांच्यातला फरक पुसला गेला आणि दोघेही नुसते खातेदार झाले. ऐकायला समता वाटते ना? पण जमीन सहज गहाण टाकता येण्याजोगी वस्तू झाली आणि सावकाराचं फावलं. १८७५ साली सुप्याला बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची दुकानं फोडली, कर्जखतं जाळली. १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

कोकणात वेगळीच तऱ्हा. तिथे सरकार आणि कसणारा यांच्या मध्ये खोत बसलेला. स्वतःच्या जमिनीचा फक्त सरकारी धारा भरणारा तो धारेकरी. त्याच्या खाली कुळं, आणि तीसुद्धा वाट्यावरून ओळखली जायची. अर्धं पीक देणारी अर्धेली, तिसरा हिस्सा देणारी तिर्धेली. म्हणजे माणसाची ओळखच त्याच्याकडून किती घेतलं जातं यावर! शिवाय खोताकडे वेठ होतीच. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी कसायचं नाकारलं. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९४८ चा कुळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरवून कसणाऱ्या कुळाला मालक मानण्याची तरतूद झाली. कसेल त्याची जमीन.

आता खरी गंमत इथे आहे. कुळकायद्यात 'जातीने कसणं' याची व्याख्या आहे. स्वतः राबलात तर जातीने कसणं झालंच, पण देखरेख ठेवून नोकराकडून करून घेतलंत तरीही झालं. अट एकच: नोकराला मजुरी रोख किंवा धान्यात द्यायची, पिकाचा वाटा म्हणून द्यायची नाही. म्हणजे एकच माणूस, तेच शेत, तीच नांगरट. वाटा घेतला तर तो कूळ, जमिनीवर हक्क सांगू शकतो. ठरलेली पोती घेतली तर तो गडी, हक्क शून्य. एका शब्दाची किंमत काही एकर!

सालगडी, खानदेश-विदर्भाकडे सालदार, हा असा वर्षाच्या बोलीचा माणूस. कुठे गुढीपाडव्याला, कुठे अक्षय्य तृतीयेला त्याचं साल ठरतं. रोजंदाराची बोली एका दिवसाची. आणि ऊसतोडीत तर माणसाचं नावही उरत नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. दोन माणसं, हिशोबात एक हत्यार.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर आजचे आकडे बघा. जनगणनेत 'शेतकरी' आणि 'शेतमजूर' अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. दुसऱ्याच्या जमिनीवर मजुरीसाठी काम करणारा, पिकाची जोखीम अंगावर नसलेला तो मजूर. २००१ साली देशात सुमारे १२.७ कोटी शेतकरी आणि १०.७ कोटी शेतमजूर होते. २०११ साली शेतकरी ११.९ कोटींवर आले आणि मजूर १४.४ कोटींवर गेले. आपण ज्याला 'शेतकऱ्यांचा देश' म्हणतो, तिथे मजुरांची संख्या शेतकऱ्यांहून जास्त झाली होती.

दुसरं उदाहरण जास्त अस्वस्थ करणारं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०१३ साली शेती करणाऱ्यांच्या ११,७७२ आत्महत्या नोंदवल्या. २०१४ च्या अहवालात 'शेतकरी' ५,६५०! निम्म्याने कमी? नाही. त्या वर्षी शेतमजुरांचा रकाना वेगळा केला, आणि त्यात ६,७१० माणसं होती.

आणि वाटेकरी? त्याची तर बहुतेक वेळा कुठेच नोंद नसते. कुळकायद्याच्या धास्तीने मालक त्याचं नाव कागदावर येऊ देत नाही, व्यवहार तोंडी होतो. मग पीककर्ज नाही, नुकसानभरपाई नाही. २०१९ पासूनची पीएम-किसान योजनाही जमीन नावावर असलेल्यांसाठीच. ज्या कायद्याने कुळाला जमीन दिली, त्याच कायद्याच्या भीतीने त्याचा आजचा भाऊबंद अदृश्य झालाय.

आपल्यातल्या बऱ्याच जणांचं नाव गावच्या सातबाऱ्यावर आजोबांमागून, वडिलांमागून लागलेलं असतं. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून तोच उतारा चालतो. म्हणजे हिंजवडीत एसीत बसून कोड लिहिणारा कागदोपत्री शेतकरी, आणि त्याचं रान वाट्याने करणारा कोणीच नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी 'शेतकऱ्यांना इतके कोटी' अशी हेडलाइन दिसली की एवढंच विचारा: कोणते शेतकरी? आणि गावाकडे स्वतःचं शेत असेल, तर ते कोण करतं, कोणत्या बोलीवर करतं आणि गारपीट झाली की भरपाई कोणाच्या खात्यात येते, हे घरी एकदा विचाराच.