किती पट्ट्या पुरेशा? सुटसुटीत कीबोर्डचा तीनशे वर्षांचा इतिहास

नवशिक्यासाठी कीबोर्ड घ्यायला गेलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो संख्येचा. ३७ पट्ट्या, ४९, ६१, ७६ की पूर्ण ८८? पट्ट्या जितक्या अधिक तितके वाद्य चांगले, अशी समजूत त्यामागे असते. वास्तविक उचलून नेता येईल असे वाद्य घडवताना प्रत्येक काळातल्या कारागिराला काही ना काही वगळावे लागले आहे. त्याने काय वगळले, यावरच त्या वाद्यावर शिकणाऱ्याचा हात कसा घडणार हे ठरत गेले. हा धागा त्या वगळण्याचा.

आरंभ फ्लॉरेन्सपासून. मेदिची घराण्याचा वाद्यकार बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याच्या नव्या वाद्याची नोंद इ.स. १७०० च्या सूचीत सापडते. त्या काळच्या हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की तार छेडली जाई. बोट हळुवार पडो वा जोरात, नाद जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी आणली आणि ती आघात करून तत्काळ मागे पडेल अशी योजना केली. पट्टी ज्या वेगाने खाली जाईल, त्या वेगाने हातोडी उडेल. हळू आणि जोरात, दोन्ही एकाच बोटातून. ‘पियानो’ हे नावही त्या ‘हळू’वरूनच आले.

त्याचे तीन पियानो आज शिल्लक आहेत. त्यांपैकी लाइप्झिगमधील १७२६ च्या पियानोला पट्ट्या किती? केवळ ४९.

पुढे वाद्य वाढत गेले. मोत्सार्टकडे व्हिएन्नाच्या आंटोन वॉल्टरने घडवलेला पियानो होता, पाच सप्तकांचा, म्हणजे ६१ पट्ट्यांचा. त्याच्या प्रौढपणीच्या पियानोरचनांना एवढा विस्तार पुरला. बेथोव्हेनला लंडनच्या ब्रॉडवुडने १८१७ च्या अखेरीस भेट म्हणून पाठवलेला पियानो सहा सप्तकांचा, ७३ पट्ट्यांचा. ८८ हा आकडा रुळला तो १८८० च्या दशकापासून.

तेव्हा ६१ पट्ट्यांना ‘अपुऱ्या’ म्हणण्याआधी थोडे थांबायला हवे. अर्थात येथे एक मेख आहे. मोत्सार्टच्या ६१ पट्ट्या खालच्या ‘एफ’पासून सुरू होत, आजच्या ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड त्याच्या वरच्या ‘सी’पासून सुरू होतो. संख्या तीच, पण तळाच्या सात पट्ट्या गायब. डाव्या हाताचा खर्ज नेमका तेथे अडतो. (कीबोर्डवरील सप्तक सरकवण्याचे बटण हा त्यावरचा तात्पुरता उपाय, पण त्याने खर्ज मिळाला की वरचे सप्तक हातचे जाते.)

आता प्रवासाचा प्रश्न. १७६३ च्या उन्हाळ्यात लिओपोल्ड मोत्सार्ट आपल्या दोन्ही मुलांना घेऊन युरोपच्या दीर्घ दौऱ्यावर निघाला. वोल्फगांग तेव्हा सात वर्षांचा होता. घोडागाडीचा प्रवास, रोज नवे गाव; मुलांचा रियाज कसा व्हायचा? आउग्सबुर्गमध्ये लिओपोल्डने योहान आंद्रेआस श्टाइन या कारागिराकडून लहानसे प्रवासी वाद्य विकत घेतले. ते क्लॅविकॉर्ड होते. पट्टीच्या टोकाची पितळी पाती तारेला भिडते आणि बोट उचलेपर्यंत तेथेच टेकून राहते, एवढीच त्याची रचना. आवाज इतका बारीक, की शेजारच्या खोलीत कोणी बोलत असेल तर तो विरून जावा. बोटाचा दाब मात्र थेट तारेपर्यंत पोहोचतो. पट्टीवर बोट किंचित हलवले तर स्वरही हलतो. श्टाइनने आवाज सोडला आणि स्पर्श राखला. रियाजासाठी याहून शहाणा सौदा क्वचितच झाला असेल.

एकोणिसाव्या शतकाने नेमका उलटा सौदा केला. १८४२ साली पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँने हार्मोनियमचे पेटंट घेतले. हवेच्या झोताने धातूची रीड कंप पावते, भाता पायाने चालतो, दोन्ही हात मोकळे राहतात. हे वाद्य हिंदुस्थानात आले आणि जमिनीवर बसणाऱ्या गवयाच्या सोयीसाठी त्याचे पाय गळाले. कलकत्त्यात १८७५ साली ‘द्वारकिन’ ही पेढी काढणारे द्वारकानाथ घोष यांचे नाव या हातपेटीच्या जन्माशी जोडले जाते. भाता मागे गेला, डावा हात त्याला जुंपला गेला आणि वाजवायला उरला एकटा उजवा. पेटी गाडीत मावू लागली, कीर्तनात आणि तमाशात पोहोचली. मराठी संगीत नाटकाने पायपेटीही जपली आणि हातपेटीही; गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी तिला मैफलीत स्वतंत्र मान मिळवून दिला.

पण पेटीत पट्टी हे केवळ एक झाकण. ती हळू दाबा वा आपटा, लहानमोठेपणा ठरतो तो भात्यावर. दोन स्वरांमधली मींडही तिच्यात नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींचे हिशेब मांडून २२ श्रुतींच्या पेटीचा पुरस्कार केला तो याच अस्वस्थतेतून. पुढे १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदीच घातली. ती अंशतः शिथिल व्हायला १९७१ उजाडले. बंदी अतिरेकी होती, आक्षेप मात्र खोटा नव्हता.

या इतिहासाचा एक परिणाम मराठी घरांत सहज ओळखता येतो. पेटीवर वाढलेल्या कानाला आणि हाताला पट्टीकडून जोराची अपेक्षाच नसते. त्यामुळे स्पर्श न ओळखणारा स्वस्त कीबोर्ड घरात आला, तर काही उणे आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. आणि शिकणाऱ्या मुलाचा डावा हात बराच काळ मांडीवर पडून राहतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत याहून विलक्षण वाद्य घडले. हॅरल्ड ऱ्होड्स हा पियानोशिक्षक लष्करी हवाई दलात होता. जखमी सैनिक रुग्णालयात महिनोन्‌महिने पडून असत. त्यांना शिकवायचे तर खाटेवर, मांडीवर मावेल असे वाद्य हवे. ऱ्होड्सने बी-१७ विमानांच्या मोडीतील ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून २९ पट्ट्यांचा पियानो रचला. त्याने पट्ट्या कठोरपणे छाटल्या, पण हातोडी ठेवली. याच खटाटोपातून पुढे विजेवर चालणारा प्रसिद्ध ऱ्होड्स पियानो उभा राहिला.

आणि मग जपान. गणकयंत्रे बनवणाऱ्या कॅसिओने जानेवारी १९८० मध्ये ‘कॅसिओटोन २०१’ बाजारात आणला. अनेक वाद्यांचे आवाज एका पेटाऱ्यात, सामान्य घराला परवडतील असे. पट्ट्या पुन्हा ४९! क्रिस्तोफोरीच्या वाद्याइतक्याच, फक्त क्रिस्तोफोरीने ज्यासाठी आयुष्य वेचले ती गोष्ट तेवढी नव्हती. पट्टी म्हणजे चालू-बंद करणारे बटण.

म्हणून ही वाद्ये टाकाऊ ठरत नाहीत. १९८१ च्या ‘एमटी-४०’ला केवळ ३७ बारक्या पट्ट्या होत्या. त्यातला एक तयार ठेका हिरोको ओकुदा या तरुण अभियंतीने बसवला होता. १९८५ साली जमैकात त्याच ठेक्यावर ‘स्लेंग टेंग’ उभे राहिले आणि रेगेची वाट बदलली. ज्याला ठेक्यांवर गाणी रचायची आहेत, त्याला असे खेळणे पुरते. ज्याला पियानो शिकायचा आहे, त्याला ते पुरत नाही.

१९८३ साली मिडी हे समान मानक आले आणि पट्टी किती वेगाने दाबली हे १ ते १२७ या आकड्यांत सांगण्याची सोय झाली. पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. एकापासून दुसऱ्यापर्यंत जायला लागलेल्या वेळावरून वेग मोजला जातो. क्रिस्तोफोरीची हातोडी येथे हिशेब होऊन परतली. आजच्या पातळ, हलक्या कीबोर्डांतही हे असू शकते, म्हणून दुकानात आधी एवढेच पाहावे: एकच पट्टी अलगद दाबावी, मग जोरात. आवाज बदलला नाही, तर ८८ पट्ट्या असूनही ते वाद्य पियानोच्या घराण्यातले नव्हे.

त्यानंतर पट्टीची रुंदी. पियानोवर सात पांढऱ्या पट्ट्यांचे सप्तक सुमारे १६.५ सेंटिमीटरचे असते. लहान हातांच्या योझेफ हॉफमनसाठी स्टाइनवेने किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले, पण तो तयार वादक होता. नवख्या हाताने बारक्या पट्ट्यांवर अंतरे घोटली तर ती मोठ्या पियानोवर पुन्हा शिकावी लागतात. पायाने स्वर लांबवण्याच्या पेडलची खाच आहे का, हेही पाहून घ्यावे.

संख्येचा विचार यानंतर. पाठीवर टाकून शिकवणीला न्यायचे असेल, तर स्पर्श ओळखणाऱ्या ६१ पट्ट्या पहिल्या काही वर्षांना पुरतात. थोडे अधिक ओझे चालणार असेल, तर ७६. तो कीबोर्ड बहुधा खालच्या ‘ई’पासून सुरू होतो, मोत्सार्टच्या पियानोची सर्वांत खालची पट्टी तिला लागूनच असलेली ‘एफ’.