वजनकाट्याशी झुंज, जिवाशी खेळ

पुणे (प्रतिनिधी) : रिंगणात उतरण्यापूर्वी प्रत्येक मुष्टियोद्ध्याला वजनकाट्याचा सामना करावा लागतो. गटाच्या मर्यादेपेक्षा काटा किंचित जरी पुढे सरकला, तरी अनेक महिन्यांची तयारी व्यर्थ ठरते. त्यामुळे स्पर्धेच्या तोंडावर अन्नपाणी वर्ज्य करून आणि घाम गाळून दोन-चार किलो वजन उतरवण्याची पद्धत या खेळात रूढ झाली आहे. अशा रीतीने घटलेले वजन बहुतांशी शरीरातील पाण्याचे असते, आणि पाणी गमावलेल्या शरीराने डोक्यावर ठोसे झेलणे प्रसंगी जिवावर बेतू शकते.

पुण्याशी या विषयाचा निकटचा संबंध आहे. मुंढवा-घोरपडी परिसरात २००१ मध्ये सुरू झालेल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये मुष्टियुद्ध, कुस्ती आणि वेटलिफ्टिंग या तिन्ही वजनगटांच्या खेळांचे प्रशिक्षण दिले जाते. २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा आणि २०१९ च्या ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धा याच शहरात पार पडल्या. या खेळांकडे वळणाऱ्यांत शाळकरी मुलांची संख्या मोठी असल्याने वजन उतरवण्यातील धोके पालकांनीही समजून घेणे आवश्यक आहे.

वजन का उतरवले जाते?

वजनगटांची व्यवस्था मुळात खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी आहे. तथापि, एरवी ५५ किलो वजन असलेला मुष्टियोद्धा ५१ किलो गटात उतरला, तर उंची आणि हातांची लांबी यांचा लाभ मिळेल, असा हिशेब केला जातो. प्रतिस्पर्धीही हाच हिशेब करतो. परिणामी लाभ कोणालाच मिळत नाही, हानी मात्र दोघांचीही होते.

गटांमधील अंतर हेही एक कारण आहे. रिओ ऑलिंपिकमध्ये (२०१६) पुरुषांचा सर्वांत हलका गट ४९ किलोचा होता. टोकियोत तो ५२ किलोचा झाला. पॅरिसमध्ये (२०२४) ५१ किलोनंतर थेट ५७ किलोचा गट होता. ५४ किलो वजनाच्या खेळाडूने तीन किलो उतरवावेत, की तीन किलोंनी जड प्रतिस्पर्ध्याशी लढावे, असा हा पेच आहे.

व्यावसायिक मुष्टियुद्धात वजनतपासणी साधारणतः आदल्या दिवशी होते. हौशी स्पर्धांमध्ये मात्र लढतीच्या दिवशी सकाळी वजन घेतले जाते आणि त्यानंतर पहिल्या लढतीपर्यंत किमान तीन तासांचा अवधी असतो. पुढील फेरी गाठल्यास हीच कसरत पुन्हा करावी लागते.

शरीरात काय घडते?

एक-दोन दिवस पाणी बंद करणे, प्लॅस्टिक वा रबरी पोशाख घालून धावणे, बाष्पस्नान घेणे, जुलाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधे घेणे हे वजन उतरवण्याचे प्रचलित मार्ग आहेत. यांपैकी लघवी वाढवणारी औषधे उत्तेजकविरोधी नियमांनुसार प्रतिबंधित आहेत. वजन दिल्यानंतर सलाइन लावून घेण्यावरही निर्बंध आहेत. रुग्णालयातील उपचारांचा अपवाद वगळता १२ तासांत १०० मिलिलीटरपेक्षा अधिक द्रव शिरेतून घेता येत नाही.

प्रौढ पुरुषाच्या शरीरात साधारण ६० टक्के पाणी असते. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, म्हणजे ६० किलोच्या खेळाडूचे सव्वा लिटरच्या आसपास पाणी घटले, तरी दमश्वास कमी होऊ लागतो. रक्तातील द्रव घटल्याने हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते, त्वचेकडील रक्तपुरवठा आणि घाम कमी होतो, शरीराची उष्णता बाहेर पडत नाही. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या घरात असताना रबरी पोशाखात धावणे म्हणजे उष्माघाताला निमंत्रण होय. सोडियम आणि पोटॅशियम यांचे संतुलन बिघडल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. मूत्रपिंडांवरही ताण येतो. मुलींमध्ये सततच्या उपासमारीने मासिक पाळी अनियमित होणे आणि हाडे ठिसूळ होणे, असे परिणाम दिसतात.

मेंदूला सर्वाधिक धोका

कवटीच्या आत मेंदूभोवती द्रवाचे आवरण असते. डोक्याला धक्का बसल्यास हे आवरण गादीसारखे काम करते. शरीरातील पाणी घटल्यावर मेंदूचे आकारमान किंचित कमी होते, असे काही अभ्यासांत आढळले आहे. अशा अवस्थेत मेंदूच्या पृष्ठभागावरील नाजूक शिरा ताणल्या जाऊन ठोशाने फाटण्याची शक्यता वाढते, असे काही तज्ज्ञांचे मत आहे. मुष्टियुद्धातील बहुतेक मृत्यू अशा रक्तस्रावामुळेच होतात. शिवाय प्यायलेल्या पाण्याने काटा काही तासांत पूर्ववत दिसला, तरी शरीरातील द्रवांचे संतुलन तेवढ्या वेळात सावरतेच असे नाही.

दुर्लक्षित इशारे

अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस अवघ्या ३३ दिवसांत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत रबरी पोशाख आणि बाष्पस्नान यांवर बंदी आली.

फेब्रुवारी २००० मध्ये न्यू यॉर्क येथे अर्तुरो गाटी याने जोई गमाश याला दुसऱ्याच फेरीत जमिनीवर लोळवले. वजनतपासणीत सुमारे ६४ किलोच्या मर्यादेत नोंदला गेलेला गाटी दुसऱ्या दिवशी रिंगणात सुमारे ७२ किलोचा होता. गमाशच्या मेंदूला कायमची इजा झाली आणि त्याची कारकीर्द संपली. २००८ मध्ये अमेरिकेचा गॅरी रसेल ज्युनिअर वजन उतरवताना बीजिंगमध्ये बेशुद्ध पडला आणि एकही ठोसा न मारता ऑलिंपिकला मुकला.

ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोतील कोराकुएन हॉल येथे एकाच दिवशी लढलेले शिगेतोशी कोतारी आणि हिरोमासा उराकावा हे दोन मुष्टियोद्धे मेंदूतील रक्तस्रावाने दगावले. त्यांच्या मृत्यूचे कारण वजन उतरवणे हेच होते, असे सिद्ध झालेले नाही. मात्र त्यानंतर जपानमध्ये या पद्धतीची चर्चा ऐरणीवर आली.

भारतीयांच्या स्मरणात आहे ती कुस्तीगीर विनेश फोगाट. एरवी ५३ किलो गटात खेळणारी विनेश पॅरिसमध्ये ५० किलो गटात उतरली. पहिल्या दिवशीच्या तीन लढतींनंतर तिचे वजन ५२.७ किलो भरले. रात्रभर व्यायाम आणि बाष्पस्नान करून, केस कापूनही ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी ते १०० ग्रॅम अधिकच राहिले. अंतिम फेरी गाठूनही ती अपात्र ठरली आणि शरीरातील पाणी घटल्याने तिच्यावर क्रीडाग्रामात उपचार करावे लागले.

वरच्या गटाचा मार्ग

वजन उतरवून यश मिळाल्याची उदाहरणेही आहेत. सप्टेंबर २०१८ मध्ये पोलंडमध्ये मेरी कोमने सुमारे चार तासांत दोन किलो वजन घटवून ४८ किलो गटाचे सुवर्ण जिंकले. तिचे कौतुक झाले. परंतु तोच कित्ता नवोदितांनी गिरवणे धोक्याचे आहे. याच मेरी कोमने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील कांस्यपदक ५१ किलो, म्हणजे वरच्या गटात मिळवले होते.

महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला ५२ किलो गटात सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत ५७ किलो गटात उतरून त्यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. पुण्यात सराव केलेल्या राहुल आवारेने २०१८ मध्ये ५७ किलो गटात राष्ट्रकुल सुवर्ण आणि पुढच्याच वर्षी ६१ किलो गटात जागतिक कांस्य जिंकले. लष्करातील मुष्टियोद्धा अमित पंघालनेही ४९ किलो गटातून ५२ किलो गटात जाऊन २०१९ मध्ये जागतिक रौप्यपदक पटकावले.

पालक व प्रशिक्षकांसाठी

* वाढत्या वयातील मुलामुलींना स्पर्धेसाठी पाणी तोडू देऊ नये. वजन वाढले असल्यास वरच्या गटात नाव नोंदवावे.
* वजन कमी करणे आवश्यकच असेल, तर दोन-अडीच महिने आधी सुरुवात करावी. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्क्यापेक्षा अधिक घट नसावी.
* रोज सकाळी वजन नोंदवावे आणि लघवीचा रंग पाहावा. गडद पिवळा रंग पाणी कमी पडत असल्याची खूण समजावी.
* रबरी पोशाख, बाष्पस्नान आणि लघवी वाढवणारी औषधे पूर्णतः टाळावीत.
* चक्कर, असंबद्ध बोलणे, घाम थांबणे वा छातीत धडधड जाणवल्यास सराव तत्काळ थांबवून खेळाडूला सावलीत न्यावे, अंग ओल्या कपड्याने थंड करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
* लढतीनंतर तीव्र डोकेदुखी, उलटी किंवा गुंगी आल्यास ‘थोडी झोप घेऊ दे’ असे म्हणून वेळ दवडू नये. थेट रुग्णालय गाठावे.

हुकलेली स्पर्धा पुढील वर्षी पुन्हा येते. त्यामुळे काटा पुढे सरकलेला दिसल्यास ‘या वेळी राहू दे’ असे खेळाडूला सांगण्याची जबाबदारी प्रशिक्षकाने आणि घरच्यांनी उचलली पाहिजे.