राजीनामा

'राजी' अरबी, 'नामा' फारसी, जोडून संमतिपत्र. (सुट्टीची 'रजा'ही याच घरातली.) मग खुर्ची सोडताना हा शब्द कसा आला? बहुधा जमाबंदीतून. रयतवारीत जमीन सोडणारा राजीनामा देई, घेणारा कबुलायत.

त्याआधी मात्र तो पंचायतीचा शब्द. भांडणारे दोघे पंचांपुढे लिहून देत, निवाडा आम्हांला मान्य. शिरूरच्या छावणीतून निघालेली इंग्रजांची पलटण १ जानेवारी १८१८ला कोरेगावी पेशव्यांशी लढली, त्याच वर्षी पेशवाई बुडाली. १८१९च्या अहवालात इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने याच पंचायतींचं तपशीलवार वर्णन केलं. त्या काही सोवळ्या नव्हत्या. जातीचा, वतनाचा दाब असायचाच.

आज त्याच शिरूर-दौंडकडचं पोर गुन्ह्यात सापडलं तर ते पंचांपुढे नाही, बाल न्याय मंडळापुढे जातं. २०१५च्या कायद्याचं कलम १८ मंडळाला समज, समुपदेशन, समाजसेवा, दंड, फार तर तीन वर्षं विशेष गृह असे पर्याय देतं. २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने झालेल्या जीवघेण्या अपघातानंतर जामिनाच्या अटीतला तीनशे शब्दांचा निबंध गाजला. मला खुपलं ते वेगळंच: त्या अटींत मृतांच्या आईबापांना काही जागाच नव्हती. मुलाने कोणापुढे उभं राहायचं, काय भरून द्यायचं?

२००७पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेत दोन्ही बाजू निदान समोरासमोर बसतात. फक्त तिथल्या तडजोडीवरची सही मनापासूनची की गावच्या दबावाची, हे पाहायला हवं. राजी नसेल तर नुसता नामा उरतो.