सुईच्या टोकावरचा पुरावा

मूल रात्रभर झोपत नाही, खाजवून रडते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेशी बारीक पुळ्या दिसतात. काही दिवसांनी त्याला कुशीत घेऊन झोपणाऱ्या आईलाही खाज सुटते. एवढ्यावरून घरातली आजी सांगते, ‘खरूज आहे ही.’ आजीचे हे निदान बहुधा बरोबर असते. मात्र वैद्यकाला तिथपर्यंत पोचायला जो वेळ लागला, त्याची हकिकत फारशी सांगितली जात नाही.

खरूज सूक्ष्म, आठ पायांच्या किड्यामुळे होते. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणते आणि त्यात अंडी घालते. तिची लांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. तीक्ष्ण नजरेला ती जेमतेम पांढऱ्या ठिपक्याएवढी दिसते. आपल्या जुन्या ग्रंथांना हा रोग अनोळखी नव्हता. ‘पामा’ आणि ‘कच्छू’ ही नावे आयुर्वेदाने कुष्ठाच्या प्रकारांत गणली आहेत. सुश्रुतसंहितेने तर अंगस्पर्श, एकत्र जेवण आणि एकच अंथरूण यांतून कुष्ठ एकाकडून दुसऱ्याकडे जाते, असे स्पष्ट म्हटले आहे. संसर्ग ओळखला होता. संसर्ग करणारा मात्र दिसला नव्हता.

तो दिसला इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात. जोव्हान्नी कोझिमो बोनोमो हा तरुण वैद्य आणि दियाचिंतो चेस्तोनी हा औषधविक्रेता या दोघांनी किडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, त्याचे चित्र काढले, त्याचे अंडेही पाहिले. १६८७ साली बोनोमोने हे सारे फ्रान्चेस्को रेदी यांना पत्राने कळवले. मांसातल्या अळ्या आपोआप उपजत नाहीत, माशांच्या अंड्यांतून येतात, हे प्रयोगाने दाखवणारे ते हेच रेदी. या शोधाची सुरुवात कुठून झाली, हेही बोनोमोने लपवले नाही. गरीब बायका आपल्या खरजुल्या पोरांच्या अंगातून सुईच्या टोकाने काहीतरी बारीक उकरून काढतात, हे त्याने पाहिले होते. वैद्याने भिंग आणले. सुई त्या बायकांची होती.

पण विद्वानांना हे रुचले नाही. शरीरातले द्रव बिघडले की रोग होतो, ही त्यांची पक्की धारणा. पोपचे वैद्य लान्चिसी यांनी किडा हेच एकमेव कारण मानायला नकार दिला आणि बोनोमो गप्प बसला. १७०३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या पत्राचा सारांश छापून आला, तरीही रेच देणे आणि रक्त काढणे चालूच राहिले. बाहेरून मलम लावून खरूज ‘दाबली’ तर ती आत शिरेल, अशी भीती एकोणिसाव्या शतकातही घातली जाई. ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय, पडू दे,’ हे वाक्य आपल्याकडे अजून ऐकू येते, तेव्हा त्या वैद्यांना हसण्याचे कारण नाही.

पुढे पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या गालेसने १८१२ मध्ये किडा सापडल्याचे जाहीर केले. त्याने दाखवलेला किडा चीजमधला होता, हे पुढे उघड झाले आणि खऱ्या किड्यावरचा विश्वासही उडाला. शोधणारे पुळीतल्या पाण्यात शोधत होते. किडा बसलेला असतो बोगद्याच्या टोकाशी. अखेर १८३४ च्या ऑगस्टमध्ये त्याच रुग्णालयात रेनुच्ची नावाच्या विद्यार्थ्याने सर्वांसमोर सुईने किडा काढून दाखवला. हा विद्यार्थी कोर्सिका बेटावरचा. ही युक्ती त्याने तिथल्या गरीब बायकांना करताना पाहिली होती. बोनोमोच्या पत्रानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी पुरावा पुन्हा त्याच हातांतून आला.

आयांनाही सगळे ठाऊक होते असे नाही. किडे वेचून रोग जात नाही. तो का जात नाही, हे दुसऱ्या महायुद्धात कळले. इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे केनेथ मेलनबी यांनी युद्धात लढायला नकार देणाऱ्या शांततावादी तरुणांवर, त्यांच्या संमतीने, प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले कपडे घालूनही फारच थोड्यांना लागण झाली. अंगाला अंग लागून मात्र ती सहज झाली. एका रुग्णाच्या अंगावर प्रौढ माद्या सरासरी अकराच्या आसपासच निघाल्या. आणि पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला सुमारे महिना लागला.

आजच्या उपचाराचे मर्म याच निष्कर्षात आहे. खाजवणारे मूल एक असले तरी महिनाभर गुपचूप किडा बाळगणारी भावंडे, आई, आजी त्याच घरात असतात. म्हणून डॉक्टरांनी दिलेले पर्मेथ्रिनचे मलम सर्वांनी एकाच रात्री लावायचे आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावायचे. मोठ्यांनी ते मानेपासून तळपायापर्यंत लावावे. तान्ह्यांच्या तळहात-तळपायांवर, डोक्यावरही पुळ्या येतात, म्हणून त्यांना कुठे आणि किती लावायचे ते डॉक्टरांनाच विचारावे. किडा मेल्यावरही दोन-तीन आठवडे खाज राहते. औषध लागू पडले नाही असे समजून ते पुन्हा पुन्हा फासू नये. गोल, कडेला उठावदार चट्टा असेल तर तो बहुधा नायटा. कोपराच्या नि गुडघ्याच्या वळणात कोरडी, खाजरी कातडी असेल तर बहुधा इसब. तिन्हींवर दुकानातून आणलेले एकच स्टेरॉइडचे मलम चोळले, की खाज दबते, खुणा पुसट होतात आणि खरजेचा किडा तसाच राहतो. खाजवून झालेल्या जखमांत जंतू शिरले, तर क्वचित मुलाच्या मूत्रपिंडालाही सूज येते. खरूज क्षुल्लक नाही, ती एवढ्यासाठी.

घराला लागू पडते तेच वस्तीलाही. फिजी बेटांवर अख्ख्या वस्त्यांना आयव्हरमेक्टिन दिल्यावर वर्षभरात तिथले खरजेचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खरजेला उपेक्षित रोगांच्या यादीत घेतले.

उपेक्षा रोगाची झाली, तशी तो प्रथम ओळखणाऱ्यांचीही. लिव्होर्नोतल्या आणि कोर्सिकातल्या त्या बायकांपैकी एकीचेही नाव या इतिहासात नाही. दवाखान्यात एखादी आई ‘डॉक्टर, रात्रीच जास्त खाजवतो हो, आणि आता मलाही सुटलीय’ असे सांगते, तेव्हा अर्धे निदान तिने केलेलेच असते. ते ऐकून घ्यायला आता दीडशे वर्षे लागू नयेत.