गाडी आपली, नळी कुणाची? नागपूर, एक्झॉस्ट हेडर आणि उत्सर्जन-नियमांचा इतिहास

१/ जुनी पेट्रोल गाडी घेणाऱ्या तरुणास हमखास पडणारा एक प्रश्न आहे. कारखान्याने बसविलेला बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून त्याजागी वेगवेगळ्या नळ्यांचे हेडर कमी खर्चात बसवावे आणि तरीही पीयूसी व आरटीओच्या नियमांत राहावे, हे शक्य आहे काय? याचे उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून आहे: गाडी कोणत्या साली बनली आणि ती कोणत्या शहरात नोंदली गेली. सालाचा आणि स्थळाचा प्रश्न आला की तो इतिहासाच्या दारात येतो. म्हणून आजचा हा दीर्घ धागा.

२/ आधी यंत्र समजून घेऊ. चार सिलिंडरांच्या इंजिनातून जळालेला वायू चार तोंडांनी बाहेर पडतो. मॅनिफोल्ड ही चारही तोंडे एकाच आखूड ओतीव नळकांड्यात आणून सोडतो. तो स्वस्त असतो, टिकाऊ असतो. पण एका सिलिंडरचा झोत दुसऱ्याच्या वाटेत येतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, लांब आणि शक्यतो समान लांबीची नळी असते. एक झोत पुढे सरकताना मागे कमी दाब निर्माण करतो आणि तो पुढच्या सिलिंडरमधला उरलेला वायू ओढून घेतो. लहान इंजिनात यातून मिळणारी ताकद थोडीच असते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

३/ कायद्याचे या नळीकडे पहिले लक्ष गेले ते आवाजामुळे. अमेरिकेतील रीव्ह्ज बंधूंनी १८९७ मध्ये इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. भारतात मोटार वाहनांचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा. त्या दुसऱ्या कायद्याखाली मध्यप्रांत व वऱ्हाडचे मोटार वाहन नियम १९४० साली आले. त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. नोंदणीपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार गाडीत केला तर मालकाने तो नोंदणी अधिकाऱ्यास कळवावा, अशी त्या कायद्याची भूमिका होती. नळीतून बाहेर काय पडते, याची विचारपूस अजून कोणी करीत नव्हते.

४/ ती विचारपूस सुरू झाली लॉस एंजेलिसमध्ये. १९४३ च्या उन्हाळ्यात त्या शहरावर डोळे झोंबवणारे धुके उतरले. रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की मोटारींचा न जळालेला वायू आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र आली की हे धुके तयार होते. त्याच दशकात यूजीन हूद्री या फ्रेंच अभियंत्याने मोटारीसाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे पेटंट घेतले. अडचण एकच होती. पेट्रोलमध्ये मिसळलेले शिसे त्या उत्प्रेरकावर बसून त्याला निकामी करीत असे.

५/ अमेरिकेच्या १९७० च्या कायद्याने मर्यादा कठोर केल्या आणि १९७५ च्या मॉडेलांपासून बहुतेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्या दशकाच्या उत्तरार्धात ऑक्सिजन सेन्सरही जोडला गेला. हवा आणि इंधन यांचे प्रमाण क्षणोक्षणी मोजून इंजिनास कळविणे हे त्याचे काम. येथून नळीचे स्वरूपच पालटले. पूर्वी ती धूर वाहून नेणारी वाट होती. आता ती मोजमाप करणारी आणि रसायन बदलणारी यंत्रणा झाली. तिची लांबी, तिचे तापमान, तिच्यातील बारीकशी गळती, सारेच महत्त्वाचे ठरू लागले.

६/ आता नागपूर. १९५८ मध्ये येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. नावावरूनच तिचे कार्य उघड होते: पिण्याचे पाणी, सांडपाणी, रोगराई. १९७४ मध्ये तिचे नामांतर राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था असे झाले. तीच आपली नीरी. सार्वजनिक आरोग्य हा शब्द जाऊन पर्यावरण हा शब्द आला, त्यात त्या काळाची बदललेली दृष्टी दिसते. पुढे मुंबई आणि दिल्लीच्या हवेत कोणत्या स्रोताचा वाटा किती, याचा अभ्यास या संस्थेने केला.

७/ देशात १९८१ चा वायुप्रदूषण कायदा झाला. १९८५ मध्ये एम. सी. मेहता यांनी दिल्लीच्या वाहनांच्या धुराविषयी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय नियम आले. त्या नियमांनी पेट्रोल मोटारीच्या संथ चालत्या इंजिनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडवर ३ टक्क्यांची मर्यादा घातली. पुढे बीएस-२ गाड्यांसाठी ती ०.५ टक्के झाली आणि बीएस-४ गाड्यांसाठी ०.३ टक्के. म्हणजे सुमारे वीस वर्षांत मर्यादा एक दशांशावर आली.

८/ आणि येथे भूगोल मध्ये येतो. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तेथेच शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. नागपूर त्या चौघांत नव्हते. म्हणून १९९६ साली मुंबईत आणि नागपुरात नोंदलेल्या एकाच मॉडेलच्या दोन मोटारी घेतल्या, तर त्यांतली पहिली कायद्याने कन्व्हर्टरसह विकावी लागे. दुसरीवर ते बंधन नव्हते.

९/ या विभागणीत एक विसंगती दडलेली होती. मोटार काही शहराच्या वेशीवर थांबत नाही. मुंबईची कन्व्हर्टरवाली गाडी विदर्भाच्या वाटेवर निघाली आणि शिशाचे पेट्रोल भरण्यावाचून गत्यंतर उरले नाही, तर तिचा महागडा उत्प्रेरक वाटेतच निकामी होण्याचा धोका होता. शिसेविरहित पेट्रोल टप्प्याटप्प्याने पसरत गेले आणि १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले. तोपर्यंत शुद्ध हवेचा नियम हा महानगरांचा विशेषाधिकार होता, असे म्हणावे लागते.

१०/ २००१ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहन-इंधन धोरणासाठी समिती नेमली गेली. २००३ मध्ये धोरण जाहीर झाले. २००५ मध्ये अकरा शहरांना बीएस-३ लागू झाले. त्यांत मुंबई आणि पुणे होते. २०१० मध्ये तेरा शहरांना बीएस-४ लागू झाले. त्यांत सोलापूरही होते. दोन्ही याद्यांत नागपूर नव्हते! पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था ज्या शहरात, त्या शहराला २०१० मध्ये उर्वरित देशाबरोबर बीएस-३ मिळाले. बीएस-४ संपूर्ण देशात २०१७ मध्ये आले. बीएस-५ वगळून थेट बीएस-६ वर उडी घेण्याची घोषणा जानेवारी २०१६ मध्ये झाली, तेव्हा नागपूरचे खासदार नितीन गडकरी हे रस्ते वाहतूक मंत्री होते. ती उडी १ एप्रिल २०२० रोजी एकाच वेळी सर्व देशासाठी पडली. शहरांची उतरंड तेथे संपली.

११/ या इतिहासाचा हेडरशी संबंध काय? आज जुन्या बाजारात मिळणाऱ्या गाड्या तीन पिढ्यांच्या आहेत. पहिली पिढी कार्ब्युरेटरची, कन्व्हर्टर नसलेली. तेथे हेडर म्हणजे निव्वळ नळकाम. दुसऱ्या पिढीत कन्व्हर्टर मॅनिफोल्डच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली असतो. हेडर बदलूनही तो जागेवर ठेवता येतो. तिसऱ्या पिढीत, म्हणजे अलीकडच्या अनेक गाड्यांत, कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून इंजिनाला चिकटून, पुष्कळदा मॅनिफोल्डशी एकजीव केलेला असतो. तेथे हेडर बसविणे म्हणजे कन्व्हर्टरच काढून टाकणे. वेल्डिंगच्या दुकानातला स्वस्त पर्याय याच पिढीत सर्वांत महाग पडतो.

१२/ कायद्याचा प्रवासही असाच आहे. १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील बदलणाऱ्या फेरफारासाठी नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागे. मालक विचारी, अधिकारी उत्तर देई. २००० च्या दुरुस्तीने कसोटी बदलली: तपशील उत्पादकाने मूळ ठरविल्यापेक्षा वेगळे होता कामा नयेत. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांसारख्या इंधनबदलाच्या किटला मात्र वाट ठेवली. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाची मूळ रचना बदलता येणार नाही, असा निर्वाळा दिला. १९३९ मध्ये कळविणे, १९८८ मध्ये विचारणे, २००० नंतर उत्पादकाचा शब्द प्रमाण. ऐंशी वर्षांत गाडीवरचा अधिकार मालकाकडून कारखान्याकडे गेला.

१३/ हेडरचा उल्लेख नोंदणीपत्रात नसतो, मग कलम ५२ त्याला लागू कसे, असा युक्तिवाद होऊ शकतो. पण २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिले. कायद्याने परवानगी नसलेला फेरफार, सुटे भाग बसविण्यासह, केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, वा दोन्ही. आवाज आणि वायुप्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालविल्यास कलम १९० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, वा दोन्ही. शिवाय परवाना तीन महिन्यांसाठी जातो.

१४/ कॅलिफोर्नियाने दुसरी वाट काढली. तेथेही उत्सर्जन-यंत्रणेला हात लावणे बेकायदा आहे. परंतु सुटे भाग बनविणारा आपले हेडर राज्याच्या हवा मंडळाकडून तपासून घेऊ शकतो. उत्सर्जन वाढत नाही असे सिद्ध झाले की त्या भागाला आदेश-क्रमांक मिळतो आणि ग्राहक तो भाग निर्धास्त बसवितो. आपल्याकडे सीएनजी किटसाठी चाचणी आणि मान्यता यांची अशी व्यवस्था आहे, आणि पुण्याची एआरएआय १९६६ पासून वाहनचाचणीचे काम करीत आहे. म्हणजे क्षमता आहे; हेडरसाठी ती वाट आखलेली नाही.

१५/ मग आज कमी खर्चात काय करावे? प्रथम मूळ यंत्रणा निरोगी करावी: गॅस्केटची गळती, तडकलेला मॅनिफोल्ड, गंजलेले सांधे, प्लग, एअर फिल्टर. सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत शिरते, इंजिनाला मिश्रण विरळ भासते, ते जास्त इंधन ओतते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. मॅनिफोल्ड तडकला असेल तर त्याच मॉडेलचा, त्याच मानकाचा मूळ भाग शोधावा. हरवलेली ताकद पुष्कळदा एवढ्यानेच परत येते. हेडरचाच आग्रह असेल, तर वरील कलमांचा धोका पत्करूनच तो निर्णय होतो, हे जाणून असावे. कन्व्हर्टर आणि सेन्सर काढणे तर कोणत्याही युक्तिवादात बसत नाही.

१६/ पीयूसी उत्तीर्ण झाली म्हणजे सारे ठीक, हा समजही तपासून घ्यावा. पेट्रोल गाडीच्या त्या चाचणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. लॉस एंजेलिसच्या धुक्याचे दुसरे मूळ असलेली नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत. जप्त सायलेन्सरवर रोड रोलर फिरविल्याची दृश्ये महाराष्ट्रातील अनेक शहरांनी पाहिली आहेत. त्यात शिक्षा होते ती आवाजाला, म्हणजे कायद्याच्या सर्वांत जुन्या चिंतेला. कन्व्हर्टर काढून चांगला सायलेन्सर लावलेली शांत मोटार त्या रोलरखाली सहसा येत नाही.

१७/ नागपूर आज राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, म्हणजे येथील हवा विहित मानकांत बसत नाही. १९९५, २००५ आणि २०१० च्या याद्यांत आपले शहर मागे राहिले. त्या काळात विकलेल्या गाड्या आज तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हाती आहेत आणि तो मालक बहुधा तरुण आहे. नियम उशिरा पोहोचले, दंड मात्र वेळेवर पोहोचतो. त्याच्यापुढे नुसती बंदी ठेवण्यापेक्षा तपासलेल्या भागांची परवडणारी वाट ठेवली, तर हवा आणि हौस दोन्ही राखता येतील, असे माझे मत आहे. तोवर आपल्या गाडीच्या नोंदणीपत्रावरील साल आणि शहर एकदा नीट वाचावे.

धागा समाप्त. आपल्या गाडीची पिढी कोणती, ते खाली अवश्य कळवावे.