तोडाची आणि फोडाची

मंडळी, गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही. कारण हापिसातलं काम नव्हे. कारण बाभळीचा एक ओंडका.

माझं गाव गोरेगाव. मुंबईतलं नाही हो, गोंदिया जिल्ह्यातलं. (पुण्यात हे दर नव्या माणसाला सांगावं लागतं. "वेस्ट का ईस्ट?" असं विचारतात. मी "बरंच ईस्ट" म्हणतो.) गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. आमचा तालुका धानाचा. बांधीच्या धुऱ्यावर बाभूळ, मधे एखादं मोहाचं झाड आणि पलीकडे नागझिऱ्याचं जंगल.

आमच्या घरी गॅस आहे. तरी आंघोळीचं पाणी आणि पाहुण्यांचा मोठा गंज चुलीवरच चढतो. सिलिंडर संपला की आई दोन दिवस कुरकुरते आणि तिसऱ्या दिवसापासून सगळाच स्वयंपाक चुलीवर. तेव्हा लाकडं लागतात आणि ती बाबा फोडतात. वय वर्षं अडुसष्ट. मागच्या पावसाळ्यानंतर धुऱ्यावरची पडलेली बाभूळ फोडताना कुऱ्हाड ओंडक्यात रुतली. ती हिसका देऊन काढताना बाबा पाठीवर पडले. महिनाभर झोपून होते. हे मला कळलं ते आठ दिवसांनी. "तू कामात असशील म्हणून सांगितलं नाही." असो.

तर यंदा संक्रांतीला सुट्टी टाकून गेलो तेव्हा मनाशी ठरवलेलं होतं की हा प्रश्न सोडवायचा. आपण इंजिनिअर ना? लाकूड फोडायची नीट कुऱ्हाड डिझाईन करू!

आधी रिक्वायरमेंट समजून घ्यावी म्हणून मीच ती कुऱ्हाड घेतली. पहिला घाव, आत. दुसरा घाव, आत आणि अडकली. पायाने ओंडका दाबून पाच मिनिटं झटापट केली. आई खिडकीतून बघत होती, बोलली काही नाही. मग कंपासपेटीतला जुना कोनमापक शोधून पात्याचा कोन मोजला. सुमारे २२ अंश.

आता थोडं बारावीचं फिजिक्स. कंटाळा येत असेल तर एक परिच्छेद गाळा. कुऱ्हाड म्हणजे पाचर. पाचरीचा निम्मा कोन घ्या आणि त्याचा टॅन्जंट काढा. तो घर्षणांकापेक्षा कमी असेल, तर पाचर आपण होऊन बाहेर येत नाही, लाकूड तिला धरून ठेवतं. लोखंड आणि सुकं लाकूड यांच्यातला घर्षणांक साधारण ०.३ धरू. आमच्या कुऱ्हाडीचा निम्मा कोन ११ अंश, टॅन्जंट ०.१९. म्हणजे ती अडकणारच! ०.३ ची हद्द येते १७ अंशांच्या जरा अलीकडे, म्हणजे पूर्ण कोन साधारण ३४ अंश. त्यापुढे गेलात की लाकूडच कुऱ्हाडीला बाहेर ढकलतं. मग वाटेल की जाड पातं लावलं तर फाकवायचा जोर फार कमी होईल. पण गणित केलं तर तसं नाही. घर्षणच इतकं खातं की २२ अंशाच्या पात्याला ३६ अंशाच्या पात्यापेक्षा बाजूचा जोर जेमतेम एक-तृतीयांश जास्त मिळतो. उलट तेवढंच आत गेलं तर जाड पातं फट दीडपटीपेक्षा जास्त उघडतं. आणि एकदा फट पुढे धावायला लागली की धारेचं काम संपलं, पुढचं काम गालांचं.

थोडक्यात, तोडायला पातळ पातं लागतं, कारण तिथे रेषा आडव्या कापायच्या असतात. फोडायला जाड, कारण तिथे रेषा फक्त एकमेकींपासून दूर करायच्या असतात. थंड देशांत हे फार पूर्वीच कळलेलं आहे. तिकडे फोडायची कुऱ्हाड वेगळी, जड आणि फुगीर गालांची. फिनलंडच्या हेक्की कार्ना यांनी तर मुद्दाम एका बाजूला वजन ठेवलेली कुऱ्हाड काढली. ती लाकडाला लागली की वळते आणि तरफेसारखं काम करून ढलपी उडवते.

मग माझ्या डोक्यात किडा शिरला. आमच्याकडे कुऱ्हाड हजारो वर्षं आहे. तरी फोडायची वेगळी कुऱ्हाड कोणी का केली नाही? आमच्या लोकांना सुचलं नाही की काय?

दोन रात्री यावर वाचत बसलो. जे सापडलं त्याने माझा सूर जरा खाली आला.

सुरुवात आमच्या शेजारूनच होते. गोंदियाच्या उत्तरेला बालाघाट जिल्हा. तिथल्या गुंगेरिया गावात १८७० साली गुरं राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून काहीतरी धातूचं डोकावताना दिसलं. खणलं तर तांब्याच्या ४२४ वस्तू निघाल्या, वर चांदीचे १०२ पत्रे. तांब्याचं वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो. भागाकार केला तर नगामागे सरासरी नऊशे ग्रॅमच्या आसपास. त्यातल्या बऱ्याचशा सपाट कुऱ्हाडी, काही पहारीसारख्या लांबट. काळ साधारण साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. त्यातल्या काही लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, काही नागपूरच्या अजब बंगल्यात. म्हणजे शाळेच्या सहलीत मी त्यांच्यासमोरून भेळ खात गेलेलो असणार.

या कुऱ्हाडींना नेढं नाही. म्हणजे दांडा घालायला भोक नाही, नुसतं सपाट पान. ते दांड्याच्या खाचेत बसवायचं आणि वादीने आवळायचं. यात एक मोठा बग आहे. प्रत्येक घावाला पान मागे सरकतं आणि स्वतःच्याच दांड्यात पाचरीसारखं घुसतं. म्हणजे लाकूड फोडण्याआधी कुऱ्हाड आपला दांडा फोडते! नेढ्याच्या कुऱ्हाडी तेव्हा जगाला ठाऊक नव्हत्या असं नाही. इराककडे त्या होत्या. मोहेंजोदडोत एक सापडली, पण एखाद-दुसरीच. सपाट पान उघड्या साच्यात ओतता येतं, भोकाला साच्यात गाभा बसवावा लागतो. आपल्याकडच्या कारागिरांनी सोपा साचा पसंत केला.

पुढचा टप्पा विदर्भातलाच. नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथे दगडांची मोठाली वर्तुळं आहेत. ती महापाषाण काळातली दफनं. त्यांत लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या. कुऱ्हाडी अजून सपाटच, पण त्यांवर लोखंडाच्या पट्ट्या आडव्या-तिरप्या गुंडाळलेल्या. पान आणि दांडा या पट्ट्यांनी जखडायचे. जुनं डिझाईन बदलायचं नाही, वरून पॅच मारायचा. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे पाहून भरून येतं! विदर्भातल्या या कुऱ्हाडींची ही खूणच मानली जाते.

नायकुंडला, पेंच नदीकाठी, १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केलं. तिथे लोखंड गाळायची भट्टीच सापडली, इसवीसनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची. म्हणजे माल बाहेरून येत नव्हता. खनिज इथलं, कोळसा इथला, हात इथले.

तीच विद्या आमच्या पूर्वेच्या नि उत्तरेच्या डोंगरांत विसाव्या शतकापर्यंत टिकली. बालाघाट, मंडला, बिलासपूरकडचे अगरिया लोक मातीची छोटी भट्टी करून, पायाने भाते चालवून लोखंड काढायचे. व्हेरिअर एल्विन यांनी त्यांच्यावर १९४२ साली अख्खं पुस्तक लिहिलं. एका खेपेला लोखंड निघायचं काही किलोच, आणि त्याला कोळसा लागायचा ढीगभर. तो यायचा जंगलातून. इंग्रजांनी जंगलं राखीव केली, १८७८ चा कायदा आला, कोळसा महाग झाला. दुसऱ्या बाजूने कारखान्याचं स्वस्त लोखंड बाजारात आलं. दोन्हीकडून भट्टी विझली.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" असं आपण म्हणतो. मला वाटतं दांड्यावर उगाच सगळा ठपका ठेवलाय. लोखंड कोळशावर गळत होतं तोवर पातंसुद्धा झाडाच्याच गोतातलं होतं.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर हळूहळू दिसायला लागतं. लोखंड इतकं कष्टाचं असेल तर घरात कुऱ्हाड एकच असणार. तिने झाडाची फांदी तोडायची, नांगराचा दांडा तासायचा, कुंपणाचे खुंट टोकदार करायचे. पाती पातळच हवी. आणि जळणासाठी घरात यायचं काय? डोक्यावरून आणलेल्या मोळीतल्या वाळक्या फांद्या. जाड ओंडका जंगलातून आणणं हा गुन्हा. आपल्या शेतातला सागवान, मोह, आंबा, चिंच तोडायलाही १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. ओंडका घरी यायचा तो असा, वादळाने बाभूळ पाडली तर. त्या एका ओंडक्यासाठी दोन किलोची वेगळी कुऱ्हाड कोण घडवेल?

हे सगळं कळूनही माझी खुमखुमी गेली नव्हती. ३६ अंशांचं, फुगीर गालांचं डोकं लॅपटॉपवर काढलं, प्रिंट घेतली आणि खातीकाकांकडे गेलो. आमच्याकडे लोहाराला खाती म्हणतात. त्यांचं दुकान म्हणजे बाजारामागची टपरी. भात्याच्या जागी आता विजेचा पंखा आहे, बाकी ऐरण तीच. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा.

"बाबू, तुह्या घरची तोडाची कुऱ्हाड हाये. फोडाची नाही."

"म्हणूनच तर ही काढली, काका."

"चांगली हाये. पण माझ्याकडं माल कमानीच्या पट्ट्याचा. बोटभर जाडीचा नाही तो. चार पट्टे एकावर एक जोडू तं वजन होईल अडीच किलो. तुह्या बापानं उचलाची का तू पुण्याहून येशील उचलाले?"

मी गप्प. रिक्वायरमेंटमध्ये अडुसष्ट वर्षांचा माणूस लिहायचाच राहिला होता.

काकांनी भंगारातून ट्रॅक्टरच्या जुन्या शाफ्टचे दोन तुकडे काढले. तापवून, ठोकून तासाभरात दोन पाचरी केल्या. पाणी फक्त धारेकडच्या टोकाला पाजलं. मागचं डोकं मऊ ठेवलं, कारण कडक डोक्यावर घण बसला की त्याची कपची उडून डोळ्यात जाते. मी सवयीने कोन मोजला. वीस-बावीस अंश! आमच्या कुऱ्हाडीएवढाच!

"काका, ही पण अडकेल."

"अडकलीच पायजे. नाही अडकली तं घण कोणाच्या डोक्यावर मारशील?"

तिथेच माझं अख्खं गणित उलटं झालं. जो कोन कुऱ्हाडीत बग, तोच पाचरीत फीचर. पाचर रुतून जागेवर बसली पाहिजे, म्हणजे दोन्ही हात मोकळे. पहिली रुतली की फटीत थोडी पुढे दुसरी लावायची. दुसरी आत गेली की पहिली आपोआप सैल होते. हिसका द्यायचा प्रश्नच नाही. बाबांची पाठ घावाने नव्हती गेली, हिसक्याने गेली होती. आणि काकांनी बजावलं की पाचर ठोकायला कुऱ्हाडीची मागची बाजू वापरायची नाही, नेढं फाकतं.

म्हणजे आमच्या लोकांना फोडायची कुऱ्हाड सुचली नव्हती असं नाही. त्यांनी फोडायचं काम कुऱ्हाडीकडे दिलंच नव्हतं. पाचर अगदी लाकडाचीही चालते. मी एका अवजारात डिझाईन शोधत होतो, ते दोन अवजारांच्या मधे होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी तीन किलोचा घण पाहून तोंड वाकडं केलं. मग दीड किलोचा आणला. उभ्याने नाही, पाटावर बसून, छोटे छोटे ठोके. तो बाभळीचा ओंडका सकाळभर चालला. मधे चहा झाला. शेवटी कर्रर्र आवाज करत दुभंगला तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त दुसरा ओंडका पुढे ओढ म्हणाले.

निघताना खातीकाकांना पैसे द्यायला गेलो. त्यांचा मुलगा नागपूरला एका गोदामात आहे. ऐरणीवर त्यांच्यानंतर कोण, हे मी विचारलं नाही. त्यांनी माझी प्रिंट भिंतीला खिळ्याने टांगून ठेवलेली होती. "कधी चांगला माल भेटला तं करून पाहीन," म्हणाले. मी येताना तिच्यावर पेनने वजन दुरुस्त करून आलो. दीड किलो.